डाव्या पायाचं काम

१

गेली एकोणीस वर्षं मी बिबवेवाडीत लोकांना गाडी शिकवते. एक गाडी, एक मी आणि दारावर एक पाटी : 'इतरत्र शिकून आलेल्यांना आधी ते विसरावे लागेल.' लोकांना मी तुसडी वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या माणसानं आजवर कोणाच्या अंगावर गाडी घातलेली नाही.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दोन्हीकडचे क्लच खालून एका दांड्यानं जोडलेले असतात. एक दाबला की दुसराही खाली जातो. नव्या माणसाला पहिले चार दिवस मी एवढंच सांगते, तुम्ही फक्त स्टिअरिंग बघा, खालचं मी बघते. पाचव्या दिवसापासून खालचंही त्यांच्याकडे जातं. मग माझे पाय सीटखाली ओढलेले असतात आणि फक्त तोंड चालू असतं.

मार्चमध्ये गाडीचा क्लच मऊ पडला. दाबला की नुसताच खाली जायचा आणि गिअर टाकताना खरखर व्हायची. आमचा मेकॅनिक शंभू मूळचा वाशीमकडचा, गॅरेज इथंच जवळ, अप्परच्या रस्त्याला. त्यानं बॉनेट उघडलं, चाकाखाली डोकावून बघितलं आणि वरचा सिलिंडरही गेला, खालचाही गेला, असं जाहीर केलं. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल नळीतून खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि तो क्लच सोडवतो. यात दोरी नाही की तार नाही, सगळा कारभार तेलाच्या दाबावर. आतली रबरं झिजली की दाब पळून जातो.

नवी जोडी आठवडाभर मिळणार नव्हती. शंभूच्या फडताळात मात्र एक जोडी निघाली. तिला खोकं नव्हतं, बिल नव्हतं, आणि ती तिथे कोणी ठेवली ते त्याला आठवत नव्हतं. मी एरवी खोक्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नाही. पण तीन विद्यार्थी खोळंबले होते, म्हणून हो म्हटलं.

सिलिंडर बदलले की नळीतली हवा काढावी लागते. एकानं वर बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून नट सैल करायचा. मी वर बसले आणि शंभू खालून मारा, मारा, धरा म्हणत राहिला. हे दहा-बारा वेळा करावं लागतं. त्या दिवशी दुसऱ्याच वेळेला पेडल टणक झालं.

"हवा निघालीच नाही ताई," शंभू खालून म्हणाला. "आत हवा नव्हतीच."

रिकाम्या सिलिंडरात हवा नव्हती तर काय होतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण जेवायची वेळ टळून गेली होती.

२

त्यानंतर माझे विद्यार्थी एकाएकी सुधारले. दत्तप्रसाद नावाचा एक मुलगा आहे, हिंजवडीला कंपनीच्या बसनं जातो. गंगाधामच्या चढावर तो रोज सरासरी पाच वेळा गाडी बंद पाडायचा आणि ॲक्चुअली हा क्लच जरा ॲग्रेसिव्ह आहे, असं मलाच समजावून सांगायचा. क्लच बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी तो त्याच चढावर थांबला आणि निघाला. गाडी इंचभरही मागे सरकली नाही. पुढच्या बारा दिवसांत सात विद्यार्थ्यांपैकी एकाचीही गाडी एकदाही बंद पडली नाही.

याचं श्रेय मी घेतलं. माझ्या बोलण्याचा परिणाम व्हायला लागलाय, असं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. रंगनाथनं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "घरी कधीपासून होणार?"

मथुराबाई त्याच सुमाराला आल्या. हडपसरच्या पुढे त्यांचं गाव, म्हणजे होतं. आता त्यांच्या उसाच्या जागी चौदा मजली इमारती आहेत आणि मधे त्यांचं घर आहे. वय एकसष्ट, नेसणं नऊवारी. एवढ्या लांबून दोन बस बदलून का येता, असं विचारलं तर म्हणाल्या, हडपसरात समदे वळखीचे, पोराच्या कानावर जाईल.

त्यांची गोष्ट सरळ होती. नवरा गेनबा यानं जमिनीच्या पैशातून गाडी घेतली आणि वर्षभरात तो वारला. गाडी दोन वर्षं पोर्चमध्ये उभी. धाकटी बहीण सासवडला अंथरुणाला खिळलेली, आणि तिला बघायला जायचं तर मथुराबाईंना दर वेळी मुलाच्या, रविराजच्या, सवडीची वाट बघावी लागे. त्याला सवड सहा-सहा महिने होत नसे. आता तो गाडी विकायला निघाला होता. बाईंनी फारच धरलं तेव्हा तो हसत म्हणाला, लायसन्स काढ आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकटी सासवडला जाऊन दाखव, मग गाडी तुझी. नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक घेऊन जाईल. लर्निंग लायसन्स त्यांनी भाचीकडून गुपचूप काढून घेतलं होतं.

"तो हासला, त्येच मला लागलं," त्या म्हणाल्या.

मलाही लागलं. मी त्यांना दुपारची वेळ दिली, तेव्हा रस्त्याला गर्दी कमी असते.

३

आधी आवाज आला. सिग्नलला थांबलो की माझ्याकडचं पेडल खाली जायचं. मथुराबाई दाबतात म्हणून जातं, त्यात काही नाही. पण वर येताना पायाशी हलकासा सुस्कारा ऐकू यायचा, दमलेल्या माणसानं बूड टेकताना सोडावा तसा. नळीत हवा राहिली असेल, असं मी ठरवलं. हवाच नव्हती हे शंभूनं सांगितलेलं मी सोयीनं बाजूला ठेवलं.

मग एकदा मार्केट यार्डापाशी एक टेम्पो न बघता मागे आला. मी तो बघितला तेव्हा माझ्याकडचं पेडल आधीच खाली गेलेलं होतं. वा, मथुराबाईंची नजर काय तयार आहे, असं मला वाटलं. मथुराबाई त्या वेळी उजवीकडच्या साडीच्या दुकानाकडे बघत होत्या, हे मला रात्री आठवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं असेल, असं म्हणून मी कूस बदलली.

परीक्षेत मी शेजारी बसले होते, साहेब बाहेर उभे होते, आणि त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. चढावर गाडी थांबवून सोडताना तपासणाऱ्या साहेबांनी रांगेतल्या पोरांना सांगितलं म्हणे, आजीबाईंकडून क्लच शिका. दुसऱ्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या आणि आम्ही नेहमीच्या फेरीला निघालो. गंगाधामच्या सिग्नलला पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवरून घसरला. तो उचलायला मी खाली वाकले, म्हणून मला त्यांच्याकडचं खालचं सगळं दिसलं.

उजवा पाय चपलेसकट ब्रेकवर होता. डावा पाय नव्हता. तो त्यांनी वर सीटवर दुमडून घेतला होता, निऱ्या नीट खोवून. क्लच पूर्ण खाली दाबलेला होता. माझ्याकडचाही. माझे दोन्ही पाय सीटखाली होते. मी ते हातानं चाचपून बघितले.

"मथुराबाई, डावा पाय कुठे आहे?"

"ह्यो काय. मांडी घातलीया. गुडघा धरतो."

"मग क्लच कोण दाबतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमीच की. खालचं मी बघते म्हनला न्हवता का? मग उजव्या पायाचं शिकीवलं. डाव्याचं काय बोललाच न्हाई. म्या म्हनलं, डाव्या पायाचं काम मॅडमचं."

पाचव्या दिवशी मी सगळ्यांना सांगते. त्यांनाही सांगितलंच असणार, असं मी म्हटलं, तर पाचव्या दिवशी मी सबंध तासभर गॅसवाल्याशी फोनवर भांडत होते, याची त्यांनी आठवण करून दिली. ते खरं होतं.

तेवढ्यात सिग्नल सुटला. दोन्ही पेडलं वर यायला लागली. आधी भरभर, मग गाडी थरथरते तिथे जरा थांबून, मग दमानं. मी शिकवते अगदी तसं. मला भीती वाटली. पुडा उचलून मी मांडीवर घट्ट धरून बसले. गाडी निघाली होती आणि आम्ही दोघी तिच्यात होतो, त्यामुळे उतरायचीही सोय नव्हती.

"तुमी दाबत न्हवता?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही."

मला वाटलं, त्या घाबरल्या. पण त्यांचं दुःख निराळंच होतं. "म्हंजी मला गाडी येतच न्हाई की वो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

४

शंभूला मी अर्धंच सांगितलं : पेडल आपोआप खाली जातंय. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर त्यानं मला चहा पाजून घरी पाठवलं असतं. त्यानं दोन्ही सिलिंडर काढले, पुसले, उजेडात धरले. चोख होते. मी माझे अंदाज मांडले. उन्हानं तेल तापतं आणि फुगतं. दांडा सैल असेल. रस्त्याला उतार असेल.

"तेल ढकलू शकते जी," शंभू म्हणाला. "पण तेल सिग्नल कसा पाहून राहिलं?"

मग त्यानं माझ्या बाजूच्या पेडलचं रबर दाखवलं. तेही दीड महिन्यापूर्वी नवं घातलेलं. त्याच्या उजव्या कडेला एक खोलगट खळगा पडला होता आणि शेजारी चार लहान, उतरत्या ओळीत.

"ताई, तुम्ही अनवाणी बसता काय?"

मी कापडी बूट घालते, एकोणीस वर्षं. शंभूनं माझ्या बुटांकडे बघितलं, रबराकडे बघितलं आणि ते काढून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी त्याबद्दल त्याची आभारी आहे.

खोक्यातली, सीलबंद, बिलासकट जोडी आली ती आम्ही बसवली. मी वर, शंभू खाली. पंधरा वेळा पेडल मारावं लागलं, भरपूर हवा निघाली, त्याच्या शर्टावर तेल उडालं. मला फार बरं वाटलं. काढलेली जोडी मी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. काढलेला पार्ट मी नेहमीच परत घेते, नाहीतर हे लोक तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला बसवतात.

५

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसादनं गंगाधामच्या चढावर सहा वेळा गाडी बंद पाडली. मी इतकी खूश झाले की त्याला उसाचा रस पाजला. तो बिचारा त्यामुळे जास्तच घाबरला.

मथुराबाईंना आम्ही मुळापासून सुरुवात केली. शेवटच्या रविवारला अकरा दिवस उरले होते. डावा पाय खाली ठेवणं हेच त्यांना अपमानाचं वाटे. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि त्या मागे वळून त्या सगळ्यांना आपण कुठल्या गावच्या ते सांगायच्या. पण माती कसलेल्या बाईचा पाय तो. आठव्या दिवशी सपाट रस्त्यावर त्या निर्वेध चालवायला लागल्या. चढ तेवढा राहिला. चढावर गुडघा धरायचा आणि पाय थरथरायचा. सासवडच्या वाटेवर दिवे घाट आहे, हे दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे आम्ही ते नाव काढत नव्हतो.

शनिवारी सकाळी शंभूला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. गाडी माझ्याच गाडीची बहीण, रंग तेवढा लाल. चालकाकडेच तीन पेडलं, माझ्या बाजूला नुसती चटई. शंभूनं क्लच दाबला आणि तो सरळ जमिनीला टेकून तिथेच राहिला. दोन वर्षं उभी राहून रबरं वाळली होती; सगळं तेल खाली गळलं होतं. दोन्ही सिलिंडर बदलायला हवे होते. शंभूनं चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच उत्तर : सोमवारी.

रविराज ओट्यावर उभा राहून दात घासत होता. "मॅडम, ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला. "गिऱ्हाईक सोमवारी सकाळीच येनार हाय." आणि तो हसला. मथुराबाईंनी गाडीचं बॉनेट पदरानं पुसायला घेतलं.

माझी पिशवी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर होती. मी पाच मिनिटं विचार केला. तो काय होता ते सांगते, म्हणजे मला कोणी भोळसट समजणार नाही. सिलिंडर म्हणजे बिडाचा तुकडा. त्यात एक दट्ट्या, एक स्प्रिंग, दोन रबरं. जे काही झालं असेल ते माझ्या गाडीत झालं. दांडा माझ्या गाडीत, दुसरं पेडल माझ्या गाडीत. इथे दुसरं पेडलच नाही.

"पिशवीतली जोडी बसव," मी शंभूला म्हटलं.

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मथुराबाईंकडे एकदा बघितलं. मग तो पाने काढायला लागला. हवा काढताना पेडलवर मथुराबाई बसल्या. दुसऱ्याच वेळेला ते टणक झालं. शंभू गाडीखालून बाहेर आला आणि हात न पुसता, पुढे काम आहे म्हणून निघून गेला.

६

तालीम म्हणून आम्ही दुपारीच घाटाकडे निघालो. हडपसरची गर्दी त्यांनी आपल्या पायानं काढली. मी सारखी वाकून बघत होते. डावा पाय क्लचवर होता आणि तो त्यांचाच होता. फुरसुंगी गेली, वडकी गेली. मी हळूहळू सैल होऊन बसले. आमच्या मालकान्ला ह्यो क्लच कदी जमलाच न्हाई, नुसता जाळायचे, असं त्या हसत सांगत होत्या.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर पुढची बस थांबली. आम्ही थांबलो. मागे दगड भरलेला एक डंपर येऊन थांबला, इतका जवळ की आरशात त्याची जाळीच दिसत होती. बस हलली. मथुराबाईंनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. गाडी हातभर मागे गेली, त्यांनी ब्रेक दाबला. मी हँडब्रेक ओढला, तो दोन वर्षांच्या गंजानं नुसताच वर आला. डंपरवाला हॉर्नवरून हात काढेना.

"हात स्टिअरिंगवर. ब्रेक सोडू नका," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्या कळवळल्या आणि त्यांनी डावा पाय वर घेऊन दोन्ही हातांनी धरला. उजव्या पायाखालचा ब्रेक हळूहळू सुटत होता. गाडी मागे सरकायला लागली. एवढी चालवली, उद्या सकाळी गाडी तिची झाली असती, आणि ही बाई आता माझ्यामुळे या घाटात मरणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी माझा डावा पाय, सवयीनं, जीव खाऊन समोरच्या चटईवर दाबला.

त्यांच्या बाजूचा क्लच खाली गेला.

मथुराबाईंनी तो बघितला. मग काही न विचारता किल्ली फिरवली. इंजीन सुरू झालं. पेडल वर यायला लागलं, भरभर, मग गाडी थरथरली तिथे थांबलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलून शेजारच्या पेडलवर ठेवला आणि गाडी एक बोटही मागे न जाता चढ चढायला लागली. वळण गेलं. डंपर मागे राहिला. खालून तो दमलेला सुस्कारा आला.

माझा पाय अजून तसाच दाबलेला होता. तेव्हा मला कळलं की बुटाच्या तळव्याखाली चटई नाही. गोल, हाडांचं, कोमट काहीतरी आहे. मी त्याच्यावर पाय दिला होता, आणि ते निमूटपणे तसंच राहिलं होतं.

मी पाय झटकन वर घेतला. आणि मग, लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं त्याला आपण काय करणार, मी खाली वाकून हात लावायला गेले आणि तो हात छातीशी नेऊन नमस्कार केला. बोटांना जे लागलं ते मी सांगणार नाही. नखं वाढलेली होती.

मथुराबाईंनी हे सगळं बघितलं.

"कुनाला लागला पाय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्या पायाशी, चटईवरच्या अंधारात, एकदा नजर टाकली. मग आरसा नीट केला, डावा पाय सीटवर दुमडून घेतला आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "बसू द्या. उद्या सासवडपातूर सोबत व्हईल."